पाण्याची खोली : ऐकीव

खोका क्रमांक एकोणतीस.
आत तीन वह्या, शाळकरी, एकरेघी,
दोन्हीकडून तासलेली पेन्सिल,
आणि मलमलीचा चौकोनी तुकडा,
हंड्याच्या तोंडाला बांधायचा. गाठ अजून तशीच.

अंबाजोगाईच्या या खोलीत बाराही महिने
फिनाइलचा आणि शिळ्या खळीचा वास असतो.
मी हातमोजे चढवते, नोंद करते :
माणिक धोंडिबा सरवदे, नारू सर्वेक्षक,
जिंतूर तालुका, सन चौऱ्याऐंशी ते नव्वद.
देणार : मुलगी, सुगंधा.
सोबत चिठ्ठी : "ठेवायचं नसलं तर जाळू नका,
कळवा, मी येऊन घेऊन जाते."

पहिली वही पायांची.
नुसते पाय. चेहरा एकाचाही नाही.
घोट्यावर फुटलेला फोड, त्यातून निघालेला
शेवईएवढा पांढरा दोरा,
काडीला गुंडाळलेला, रोज दोन बोटं.
ओढायचा नाही. तुटला की संपलं.
खाली बारीक अक्षर :
"गयाबाई. चौथा दिवस. दीड वीत आला.
लई शिव्या देती. म्हणजे बरी हाय."
"पाटलाचा धाकटा. रडला.
काडी नको, पतंगाची फिरकी लाव म्हणतो."
"निवृत्ती गुरव. देवाची पूजा चुकली
त्याचंच जास्त दुखतंय."

टाचेच्या भेगांपाशी पेन्सिल रेंगाळलेली.
जोडव्याचा घट्टा, खुरप्याचा वण,
करंगळीचं अर्धं नख.
निजलेल्या लेकराकडं आई बघते
तेवढा वेळ सरवदे परक्यांच्या पायांकडं
उन्हात उकिडवे बसून बघत होते.

दुसरी वही बारवांची.
चौदा गावं, चौदा बारवा.
कोनाडे, देवळ्या, पायऱ्यांचे टप्पे,
कळशा टेकून टेकून पडलेले खळगेसुद्धा.
प्रत्येक चित्र वरून, काठावरून.
पायऱ्या उतरत जातात, अरुंद होतात,
आणि शेवटच्या सात-आठ काढलेल्याच नाहीत.
तिथं कोरा कागद. तेच पाणी समजायचं.

खोक्यावर आधीच्या कुणाचा तरी शेरा :
"रेखाटने अपूर्ण. दृष्टिकोनात दोष."
मीही तोच उतरवून घेणार होते.

मग घडी घातलेला तक्ता सापडला, सरकारी, निळ्या शाईचा.
गाव : बोरदरा. घरे : एकशे बारा. रुग्ण : तेहतीस.
पायऱ्या : एकेचाळीस, ऐकीव.
पाण्याची खोली : दोन पुरुष, ऐकीव.
लोक पाण्यात पाय घालून भरतात काय : होय, स्वतः पाहिले.
औषध टाकले काय : होय, हस्ते सोपान, पाटलाचा गडी.
पुढचं गाव. त्याच्या पुढचं.
चौदा तक्ते, आणि सगळ्यांत ऐकीव.

एका रकान्यात काहीतरी लिहून
इतकं खोडलंय की कागद सालीसारखा झालाय.
तो मी खिडकीच्या उजेडाला धरला.
धरायचा नसतो, नियम आहे. धरला.
"पायाला हात लावू देतात"
एवढंच लागलं.
पुढची ओळ रबरानं नेली.

तिसरी वही जवळजवळ कोरी.
एकच चित्र, तारीख खूप नंतरची,
गावात नळ आल्यानंतरची.
बोरदऱ्याचीच बारव, पण आता खालून वर पाहिलेली.
तळाला पालापाचोळा, फुटका माठ,
एक सायकलचं टायर.
वर आभाळाचा चौकोन, काठावर परकरातली पोर,
वाकून बघणारी.
आणि कागदाच्या खालच्या कडेला
पुढं पसरलेले दोन पाय, स्लिपरा काढून ठेवलेल्या,
फोड नाही, काडी नाही, नाव नाही.

बाजूला लिहिलंय :
"सुगंधानं वरून मोजल्या, म्या उतरताना.
दोघांच्याबी एकोणचाळीसच भरल्या.
एकेचाळीस नव्हत्या."

पाच वाजले. शिपाई किल्ल्या वाजवतोय.
शेऱ्याचा रकाना अजून रिकामा आहे.